रुमालाखालचे पाच

जगातली कुठलीही गोष्ट एक तर चढलेली असते नाही तर उतरलेली असते, तिसरी अवस्था देवाने निर्माणच केलेली नाही, असं ठाम मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. हिंगोलीच्या मोंढ्यात, तिथल्या घाऊक बाजारात, त्यांची हळदीची अडत होती. म्हणजे शेतकऱ्याने माल आणायचा, व्यापाऱ्याने तो घ्यायचा आणि काकांनी मध्ये गादीवर बसून दोघांनाही 'फायदा तुमचाच झाला' हे पटवून द्यायचं. उभा जन्म यात गेल्यामुळे त्यांचं बोलणं, बघणं, इतकंच काय घोरणंसुद्धा मोंढ्याचं झालं होतं. ऊन त्यांच्या लेखी 'चढायचं', कयाधू नदीचं पाणी 'उतरायचं', मावशीचा राग 'तेजीत' असायचा आणि मे महिन्यात घरी पाहुण्यांची 'आवक' वाढायची. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचं आणि आवाजावरून ते किती वाळलंय हे सांगायचं, ही त्यांची खास विद्या. पण ती त्यांनी हळदीपुरती ठेवली नाही. पापड, भाकरीची कड, शेवग्याची शेंग, जे हाताला लागेल ते कानाशी नेऊन मोडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे. माझं लग्न ठरवायला आम्ही हिंगोलीजवळच्या गोरेगावला गेलो, तेव्हा आमच्या बाजूचे वडीलधारे म्हणून काकाच पुढे होते. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, 'मुलाबद्दल तुम्ही काय सांगाल?' काकांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, माझा दंड दाबला आणि साऱ्या बैठकीसमोर सांगून टाकलं, "माल असली हाय. पण ओल हाय अजून. वाळायला येळ लागंल." लग्न झालं, पण माझी बायको अजूनही भांडणात ते वाक्य काढते.

अशा माणसाची आणि कोलेस्टेरॉलची गाठ पडली ती नव्वदच्या दशकात. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. कुणीतरी मोंढ्यात रक्ततपासणीचं शिबिर भरवलं आणि साऱ्या अडत्यांनी एकमेकांकडे बघत बाह्या वर केल्या. दोन दिवसांनी आकडे आले. काकांचं कोलेस्टेरॉल साऱ्या मोंढ्यात सगळ्यात जास्त निघालं. शिबिरातले डॉक्टर गंभीर झाले आणि काका खूश झाले. घरी येता येता त्यांनी वाटेतल्या चार दुकानांत सांगितलं, "एवढे लोक बसले व्हते, आपला भाव एक नंबर निघाला." मावशी घाबरली. तिने मला बोलावून घेतलं, कारण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात सायन्स शिकलेला मी एकटा. मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. हळदीच्या कंदावर मी तासभर बोलेन. माणसाच्या रक्ताबद्दल मला ते लाल असतं यापलीकडे खात्रीने काही सांगता येत नाही. हे मी घरच्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. काका म्हणायचे, "सायन्स म्हंजे सायन्स. सांग तू." मग मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की कोलेस्टेरॉल दोन जातींचं असतं, एक चांगलं, एक वाईट. काकांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग एकाच पोत्यात काहून भरलं? निवडून काहून न्हाई घेतलं?" काकांनी आठवडाभर तूप सोडलं, मग आपल्या घरचं तूप चांगल्या जातीचं असणार असा निर्णय स्वतःच दिला आणि पुन्हा धरलं.

पुढे हिंगोली जिल्हा झाला आणि त्यानंतर काही काळाने काकांना अडतीच्या तीन पायऱ्या चढताना दम लागायला लागला. पाय सुजले. उताणं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून उशांवर उशा रचून ते बसल्यासारखे निजायचे. शेवटी मी आणि मावशी त्यांना नांदेडला घेऊन गेलो. तिथले हृदयाचे डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी पडद्यावर काकांचं हृदय हलताना पाहिलं, फाइल मिटली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे."

काकांनी विचारलं, "कोणाचं?"

"तुमचं."

"मंग मी बोलून कसा राहिलो?"

आता यात काकांची काय चूक? आमच्याकडे 'हार्ट फेल' हा आजार नाही, ती बातमी आहे. अमक्याचं हार्ट फेल झालं म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, माती कधी? मावशीने तर डोळ्यांना पदर लावलाही होता. डॉक्टरांनी घाईघाईने समजावलं, की हृदय बंद पडलेलं नाही, त्याची ताकद कमी झाली आहे, रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं, म्हणून अंगात पाणी साठतं. पण तोवर उशीर झाला होता. बाहेर बाकावर आमच्या गावाकडचा एक ओळखीचा गृहस्थ बसला होता. त्याने दाराच्या फटीतून तेवढे दोनच शब्द ऐकले आणि थेट एसटीडी बूथ गाठला. संध्याकाळी आमची जीप हिंगोलीत शिरली, तेव्हा घरासमोर मोंढ्यातली निम्मी माणसं टोप्या हातात घेऊन बसलेली. गोरेगावहून एक जीप भरून बायका आल्या होत्या आणि त्यांनी आमची गाडी पाहून गळा काढला. काका पुढच्या सीटवरून उतरले, साऱ्यांकडे बघून म्हणाले, "एवढी आवक कशाची?" एक म्हातारी तिथेच मटकन खाली बसली. आलेल्या सगळ्यांना चहा करावा लागला आणि चहा पिऊन झाल्यावरही कितीतरी जण काकांकडे जरा संशयानेच बघत होते.

त्या आजाराचे जे नियम होते ते काकांनी आपल्या पद्धतीने पाळले. मीठ कमी, तूप बंद, पाणी मोजून, लघवीची गोळी सकाळी. आणि रोज वजन करायचं, कारण एकाएकी वजन वाढलं तर अंगात पाणी धरलं असं समजायचं. डॉक्टरांनी घरी छोटा वजनकाटा घ्या असं सुचवलं होतं. काकांना तो अपमान वाटला. जन्मभर क्विंटलांनी तोलणारा माणूस त्या एवढ्याशा डबीवर उभा राहणार? ते रोज सकाळी अडतीतल्या पोत्यांच्या काट्यावर चढायचे आणि हमालाला आकडा मोठ्याने वाचायला लावायचे. मग त्यातून धोतर, कोट, टोपी आणि चपला यांचं बारदान वजा करायचं. पोत्यासाठी जेवढी घट धरतात तेवढीच कपड्यांसाठी धरावी की जास्त, यावर हमाल आणि काका यांच्यात रोज वाद होई. पायावर सूज दिसली की पोटरीला बोट रुतवून बघायचे आणि म्हणायचे, "ओल धरली. आज भाव न्हाई यायचा." आलेले शेतकरी तो सारा सोहळा शांतपणे बघत उभे राहायचे. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, शेठ स्वतःला विकायला काढून राहिले काय?

मग तो दिवस आला, ज्या दिवसाचा अर्थ मला आजही नीट लावता येत नाही. तपासणीला पुन्हा नांदेडला जायचं होतं. त्याआधी रक्त दिलं होतं, त्याचा कागद आदल्या दिवशी हातात आला. काकांचं कोलेस्टेरॉल एकदम खाली आलं होतं. शिबिरात होतं त्याच्या निम्म्यावर. मी तो आकडा वाचून दाखवल्यावर घरात दिवाळी झाली. मावशीने देवापुढे साखर ठेवली. काकांनी वाटेत थांबून पेढे घेतले आणि दवाखान्यात शिरल्या शिरल्या कंपाउंडर, नर्स, रांगेतले पेशंट, त्या पेशंटांची पोरंबाळं, सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवला. एका मधुमेहवाल्या बाईंनाही ठेवला. "उतरलं! कुलेस्ट्राल उतरलं!" असं ते प्रत्येकाला सांगत होते.

डॉक्टरांनी कागद पाहिला. त्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "हे फारच कमी झालंय," ते म्हणाले.

"व्हय ना!" काका म्हणाले.

"नाही काका, हे मला आवडलेलं नाही."

खोलीत कुणाला काहीच कळेना. डॉक्टर जपून बोलू लागले. एरवी कोलेस्टेरॉल वाढलं की आम्ही ते खाली आणा म्हणतो, पण हृदय असं थकलेलं असताना ते आपोआप खाली येत गेलं तर आम्हाला काळजी वाटते. ज्यांचं जरा वर असतं अशी माणसं पुष्कळदा जास्त टिकतात. काकांनी विचारलं, "काहून?" त्यावर डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, नक्की कुणालाच माहीत नाही. कदाचित शरीर आतून झिजतं म्हणून ते उतरतं. कदाचित त्याचा शरीराला काही उपयोग होत असेल. कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही, बारीक बारीक कणांत भरलेलं असतं, काही कण मोठे, फुगीर, काही लहान आणि घट्ट, आणि कुठले कण काय करतात ते अजून शोधत आहेत. इथे काकांचा चेहरा पुन्हा उजळला. "म्हंजे हळदीसारकंच. गोल गट्टू अन् बारीक कांडी. मंग आपल्यात कोणता माल जास्त हाय?" डॉक्टर म्हणाले, ते या तपासणीत कळत नाही, यात नुसतं एकूण वजन कळतं. काकांना हे फार चमत्कारिक वाटलं. "मूठभर काढून दाखवा ना. मी सांगतो प्रत," ते म्हणाले. डॉक्टर हसले. मावशी मात्र हसत नव्हती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मंग ह्यांना तूप द्यावं का न्हाई रे?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, तुपाने हे सुधारायचं नाही, पण अन्न मात्र पोटभर जायला हवं. याचा अर्थ द्यावं की देऊ नये, हे आम्हा तिघांपैकी कुणालाही समजलं नाही.

काकांनी डॉक्टरांपुढचा कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "डाक्टरसाब, जन्मभर सांगितलं उतरवा, उतरवा. आता उतरलं तर म्हंता काहून उतरलं. घेणाऱ्याला मंदी चांगली, विकणाऱ्याला तेजी, हे मला समजतं. मी ह्यात घेणारा हाय का विकणारा, तेवढं सांगा." एवढं बोलून काकांनी खुर्ची पुढे ओढली, खांद्यावरचा रुमाल काढला, डॉक्टरांच्या टेबलावरच्या हातावर पसरला आणि त्याखाली आपला हात सरकवला.

मोंढ्याबाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. पूर्वी आमच्याकडे मालाचा भाव तोंडाने बोलत नसत. अडत्याच्या रुमालाखाली व्यापारी हात घालायचा आणि बोटं धरायचा. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. ते शेकडे की हजार, हे ज्याने त्याने समजून घ्यायचं. जवळ उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नसे. पुढे ही पद्धत बंद झाली, उघड लिलाव आला, पण काकांना तो कधी आवडला नाही. भाव ही काय ओरडून सांगायची गोष्ट आहे, असं त्यांचं मत होतं. आणि त्या दिवशी तर मावशी शेजारीच बसली होती.

"तोंडानं नका सांगू," काका हळूच म्हणाले. "किती, तेवढं सांगा."

पुण्याकडच्या त्या पोराला यातलं काय कळणार? त्याला वाटलं, म्हातारा माणूस घाबरलाय, आधार मागतोय. त्याने रुमालाखाली काकांचा सगळा पंजा आपल्या हातात घेतला आणि प्रेमाने घट्ट दाबला. दुसरा हातही वरून, रुमालावर ठेवला. काका उठले, रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि समाधानाने बाहेर पडले. मी गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला मागे राहिलो होतो. डॉक्टरांनी मला दार लोटायला सांगितलं. म्हणाले, किती दिवस हे कुणीच सांगू शकत नाही, पण हृदय फार थकलंय आणि त्यात हा आकडा. हा हिवाळा निघाला तर मला आनंद होईल. मी मान हलवली. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "त्यांनी हातावर रुमाल का टाकला? थंडी वाजत होती का?"

जीपमध्ये काकांनी मावशीला सांगून टाकलं, "पाच."

"पाच काय?"

"वर्सं. आणिक काय? एवढा शिकलेला माणूस पाच महिन्यासाठी हात घालंल का?"

मावशीने विचारलं, "पण त्यांनी तर दोनी हात धरले व्हते. मंग धा काहून न्हाई?"

"रुमालाच्या वरचा हात धरत न्हाईत," काका कडक आवाजात म्हणाले. मोंढ्याच्या नियमात ते कुणालाही सूट देत नसत.

मी मागच्या सीटवर गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. बोलावं असं माझ्या मनात आलं. पण काय बोलणार? हा हिवाळा, असं? तेही डॉक्टरांनी खात्रीने थोडंच सांगितलं होतं. ज्या आजारात चांगलं उतरणं वाईट ठरतं आणि का ठरतं ते कुणाला माहीत नाही, त्यात मी वनस्पतिशास्त्राच्या जोरावर काय निकाल देणार होतो? मावशी खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे बघत होती आणि किती तरी महिन्यांनी तिचा चेहरा सैल पडला होता. मी पिशवीतल्या गोळ्या मोजत बसलो.

पाच वर्षं मिळालेल्या माणसासारखे काका वागू लागले. अंगणात त्यांनी सीताफळाचं रोप लावलं आणि ते फळायला किती दिवस लागतात हे मला विचारून ठेवलं. मावशीने आपल्या मनाने तूप सुरू केलं, थोडं, लपवून, वरणात. हिवाळा आला. मी रोज संध्याकाळी तिकडे चक्कर टाकायचो आणि काका उशांच्या ढिगाला टेकून भाव ऐकत बसलेले दिसले की जिवात जीव यायचा. हिवाळा गेला. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल जरासं वाढलेलं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, छान. मावशीने गल्लीभर सांगितलं, "देवाच्या दयेनं ह्यांचं कोलेस्ट्राल वाढलं." शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहत. ते धावत आले आणि बाईंना समजवा म्हणून मला विनवू लागले. मी त्यांना सारं समजावायला बसलो आणि शेवटी आम्ही दोघंही डोकं धरून बसलो.

दुसरा हिवाळा गेला, तिसराही गेला. डॉक्टर दर खेपेला काकांकडे जरा आश्चर्याने बघायचे आणि काका डॉक्टरांकडे, दिलेला शब्द पाळणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघावं तसे. मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. चाळीस वर्षं नुसत्या स्पर्शावरून माणसाच्या मनातला भाव ओळखणाऱ्या काकांना त्या डॉक्टरांचा हात खरंच कळला नसेल? भाव सांगणारा हात आणि धीर देणारा हात यांतला फरक त्यांना कळत नव्हता, हे मला पटत नाही. आणि कळला होता म्हणावं, तर इतक्या मजेत ते पाच वर्षांच्या गोष्टी कसे करत होते? एकदा मी आडून विचारून बघितलं. "काका, डॉक्टरांना रुमालाखालचा भाव येतो कसा?" काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला कोणी सांगितलं त्यांना येतो म्हणून?" आणि लगेच हमालाला हाक मारून दुसऱ्याच कामाला लागले. मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावतो आहे.

त्या उन्हाळ्यात त्यांचं वजन उतरत गेलं, सूज नसतानाही. रक्ताचा आकडा पुन्हा खाली आला. या वेळी त्यांनी पेढे आणले नाहीत आणि मलाही काही विचारलं नाही. सोयाबीनच्या पेरण्या चालू असताना, एका दुपारी, उशांना टेकूनच ते गेले. अंत्ययात्रेला मोंढा बंद होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मावशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती, सगळ्यांचं जेवणखाण मात्र बघत होती. मी निघतो म्हणून सांगायला गेलो, तेव्हा तिने मला थांबवलं.

"तू सायन्सवाला हायेस. मला एक सांग. डाक्टरनं पाच सांगितले व्हते ना?"

"व्हय मावशी."

"मंग तीनच काहून झाले? दोन कुठं गेले?"

मला सगळं सांगता आलं असतं. डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं, नुसता हात दाबला होता, एका हिवाळ्याचीही त्यांना खात्री नव्हती, ही तीन वर्षं म्हणजेच नवल होतं. ते खरं होतं, कदाचित त्याने तिला बरंही वाटलं असतं. पण ती तीन वर्षं मावशी शांत झोपली होती, सीताफळाला पाणी घालत होती, वरणात चोरून तूप सोडत होती, ते सारं त्या पाचाच्या भरवशावर. तो आकडा मी तिच्याकडून कसा काढून घेणार? आणि खरं सांगायचं तर मलाही ते पाच हवे होते.

"दोन बाकी व्हते मावशी," मी म्हणालो. "बराबर हाय तुझं."

"हाय ना?" ती म्हणाली. "मी येड्यावानी बोलून राहिले का मंग?" आणि ती रडायला लागली. मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो आणि मलाही आवरलं नाही.